रॉंगली, रॉंगफुली आणि ‘चुकून’ : नोटीस वाचताना कामी येणारं इंग्रजी



व्यवसायात लागणाऱ्या इंग्रजीच्या आपल्या मालिकेत आज एकच शब्द घ्यायचाय. रॉंगली. व्हिडिओत उदाहरणं आटोपशीर दिली होती, इथे ती सविस्तर देतो. जीएसटीचं एखादं जुनं पत्र कपाटात पडलेलं असेल तर ते काढून शेजारी ठेवा, कारण हा शब्द आपल्याला सगळ्यात जास्त तिथेच भेटतो.

‘रॉंग’ आपल्याला नवीन नाही. रॉंग नंबर लागतो, रॉंग साइडने दुचाकी घुसते, पार्सल रॉंग पत्त्यावर जातं. त्याला ‘ली’ जोडलं की क्रियाविशेषण तयार होतं, म्हणजे काम कशा रीतीने झालं ते सांगणारा शब्द. मराठीत आपण ‘-पणे’ किंवा ‘-रीत्या’ लावतो तसंच. व्याकरण म्हणाल तर एवढंच आहे.

पण अर्थ विचारला की बहुतेक जण पटकन म्हणतात, ‘रॉंगली म्हणजे चुकून’. आणि घोळ इथूनच सुरू होतो.

मराठीतल्या ‘चुकून’ या शब्दात दोन गोष्टी एकदम येतात. एक, काम चुकलं. दोन, करणाऱ्याच्या मनात तसं नव्हतं. गर्दीत कुणाला पाय लागला आणि आपण ‘चुकून लागला हो’ म्हटलं की समोरचा विषय सोडून देतो, कारण त्या शब्दातच माफी आहे. इंग्रजी ‘रॉंगली’मध्ये पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही. जे झालं ते बरोबर नाही, नियमात बसत नाही, एवढंच तो सांगतो. करणारा भोळेपणाने वागला की लबाडीने, याबद्दल शब्द पूर्ण गप्प असतो. त्यामुळे मराठीत तो सांगायचा तर ‘चुकीच्या रीतीने’ म्हणा. ‘चुकून’साठी इंग्रजीत ‘बाय मिस्टेक’ आहे, ‘बाय ओव्हरसाइट’ म्हणजे नजरचुकीने आहे. (‘बाय मिस्टेकली’ असा काही शब्द नाही, तो आपल्याकडचा घरगुती माल आहे. पत्रात चुकूनही लिहू नका!)

जाता जाता एक गंमत. ‘रॉंग’ शब्दाचं मूळ जुन्या नॉर्स भाषेतल्या ‘वाकडं, पिळलेलं’ अशा अर्थाच्या शब्दात आहे, आणि ‘राइट’चं मूळ ‘सरळ’ या अर्थात. आपणही वाईट वागण्याला ‘वाकडं पाऊल’ आणि चांगल्या माणसाला ‘सरळमार्गी’ म्हणतो. पण वाकडी रेघ हात थरथरल्यानेही येते आणि मुद्दाम काढली तरी येते. रेघेकडे बघून कारण कळत नाही. ‘रॉंगली’चं नेमकं हेच आहे.

नोटिशीतलं ते वाक्य

आता पैशांचा भाग. जीएसटीच्या नोटिशीत हमखास दिसणारं वाक्य असं असतं : ‘इनपुट टॅक्स क्रेडिट हॅज बीन रॉंगली अवेल्ड ऑर युटिलाइज्ड’. अवेल्ड म्हणजे घेतलं, युटिलाइज्ड म्हणजे वापरलं. इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणजे खरेदीवर तुम्ही भरलेला कर, जो विक्रीवरच्या करातून वजा करता येतो. तर पूर्ण अर्थ : हे क्रेडिट चुकीच्या रीतीने घेतलं किंवा वापरलं गेलं आहे.

हे वाचून उद्योजकाचे दोन प्रकार होतात. एक म्हणतो, ‘सरकारने मला चोर ठरवलं’ आणि रात्रभर झोपत नाही. दुसरा म्हणतो, ‘चुकून झालंय असं तेच लिहितायत की’ आणि पत्र ड्रॉवरमध्ये टाकतो. दोघांचंही वाचन चुकलंय, आणि माझ्या मते दुसऱ्याचं जास्त महागात पडतं. का, ते पुढे येईलच.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमचा फरसाण आणि चकलीचा कारखाना आहे. कंपनीच्या नावावर पाच जणांची कार घेतली. बिलावर २,४०,००० रुपये जीएसटी होता, अकाउंटंटने नेहमीच्या सवयीने सगळ्या बिलांबरोबर त्याचंही क्रेडिट घेऊन टाकलं. आता केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम १७(५) मध्ये न मिळणाऱ्या क्रेडिटची यादी आहे, आणि चालकासह १३ पर्यंत आसनक्षमता असलेली माणसांच्या वाहतुकीची गाडी त्यात येते. गाड्या विकणं, टॅक्सीसारखी प्रवासी वाहतूक, ड्रायव्हिंग स्कूल अशा धंद्यांना सूट आहे. फरसाणवाल्याला नाही. म्हणजे हे क्रेडिट ‘रॉंगली अवेल्ड’ झालं, यात वाद घालण्यासारखं काही नाही. लबाडी होती का? बिल खरं, गाडी खरी, कर खरा भरलेला. लबाडी कुठेच नाही.

कायद्याला हा फरक कळतो, म्हणूनच तो ‘रॉंगली’वर थांबत नाही. आणखी शब्द घेतो. एका बाजूला : ‘फॉर एनी रीझन, अदर दॅन द रीझन ऑफ फ्रॉड, ऑर एनी विलफुल मिसस्टेटमेंट ऑर सप्रेशन ऑफ फॅक्ट्स’. दुसऱ्या बाजूला : ‘फॉर द रीझन ऑफ फ्रॉड, ऑर एनी विलफुल मिसस्टेटमेंट ऑर सप्रेशन ऑफ फॅक्ट्स’. फ्रॉड म्हणजे फसवणूक, विलफुल मिसस्टेटमेंट म्हणजे जाणूनबुजून खोटी माहिती, सप्रेशन ऑफ फॅक्ट्स म्हणजे माहिती दडवणं.

नीट बघा, ‘फ्रॉड’ हा शब्द दोन्ही वाक्यांत आहे! घाबरलेला माणूस पानभर इंग्रजीत तेवढा एकच शब्द ओळखतो आणि त्याला घाम फुटतो. तुम्ही त्याच्या आधीचे दोन शब्द शोधा : ‘अदर दॅन’, म्हणजे ‘सोडून इतर’. ते असतील तर खातं म्हणतंय की फसवणूक सोडून इतर कारणाने हे झालं. ते नसतील तर आरोप फसवणुकीचा आहे.

दंडात फरक किती? फसवणूक नसेल तर कराच्या १० टक्के किंवा १०,००० रुपये, यात जे जास्त असेल ते. फसवणूक असेल तर दंड कराइतकाच, म्हणजे १०० टक्के. आपल्या फरसाणवाल्याला पहिल्या बाजूने २४,००० रुपये दंड, दुसऱ्या बाजूने २,४०,०००. मूळ क्रेडिट परत करणं दोन्हीकडे आहेच. ‘अदर दॅन’ या दोन शब्दांची किंमत इथे २,१६,००० रुपये झाली.

२०२३-२४ पर्यंतच्या आर्थिक वर्षांसाठी काम थोडं सोपं होतं. कलम ७३ लिहिलं असेल तर साधी चूक, ७४ असेल तर फसवणुकीचा आरोप. नुसत्या आकड्यावरून कळायचं. शिवाय ७३ खाली वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून साधारण तीन वर्षांच्या आत आदेश काढावा लागतो, ७४ खाली पाच वर्षं मिळतात. २०२४-२५ पासूनच्या वर्षांसाठी मात्र दोन्ही प्रकार कलम ७४ए या एकाच कलमाखाली आणले आहेत, आणि त्याच्या पहिल्याच वाक्यात ‘रॉंगली अवेल्ड ऑर युटिलाइज्ड’ एवढंच आहे. हेतूची विभागणी पुढे, दंडाच्या पोटकलमात. म्हणजे कलमाचा आकडा बघून निभावून नेण्याचे दिवस संपले. आता शब्द वाचावे लागतात.

७४ए मधली एक सवलत सगळ्यांनी लक्षात ठेवावी. फसवणुकीचा आरोप नसेल, तर नोटीस येण्याआधी किंवा नोटिशीपासून ६० दिवसांच्या आत कर आणि व्याज भरून टाकलं की दंड शून्य. (ग्राहकाकडून घेतलेला कर मुदतीनंतर ३० दिवसांतही भरलाच नाही, अशा प्रकरणाला ही सवलत लागू नाही. तो पैसा तुमचा नव्हताच.) फसवणुकीच्या बाजूलाही लवकर भरणाऱ्याला सूट आहे, पण शून्य कधीच होत नाही : नोटिशीआधी १५ टक्के, नोटिशीनंतर ६० दिवसांत २५ टक्के, आदेशानंतर ६० दिवसांत ५० टक्के.

आता त्या ड्रॉवरवाल्या मित्राकडे येऊ. ‘सप्रेशन’ची जी व्याख्या कायद्यात दिली आहे, तिचे दोन भाग आहेत. विवरणपत्रात किंवा इतर कागदात जे सांगणं बंधनकारक होतं ते न सांगणं, हा एक. आणि दुसरा, अधिकाऱ्याने लेखी मागितलेली माहिती न देणं. काय झालं बघा. चूक साधी होती, ‘अदर दॅन’च्या बाजूला बसणारी. पण पत्राला उत्तरच दिलं नाही, तर ‘सप्रेशन’ म्हणायला आपणच जागा करून देतो. चूक गाडीच्या क्रेडिटची आणि खर्च गप्प बसण्याचा!

आणि ‘मला पत्रच आलं नाही’ ही तक्रार फार ऐकू येते. पत्र पोर्टलवर आलेलं असतं. लॉगिन करून सर्व्हिसेस, मग युजर सर्व्हिसेस, मग ‘व्ह्यू ॲडिशनल नोटिसेस अँड ऑर्डर्स’ इथे महिन्यातून दोनदा तरी डोकवा. नोंदणीच्या वेळी मोबाइल नंबर आणि ईमेल कर सल्लागाराचा दिलेला असेल, तर आजच स्वतःचा टाकून घ्या.

‘ऑर’ आणि ‘अँड’

दोन छोट्या शब्दांवरही नजर ठेवा. नोटीस काढण्यासाठी ‘रॉंगली अवेल्ड ऑर युटिलाइज्ड’ पुरतं. घेतलं असेल किंवा वापरलं असेल, काहीही चालतं. पण व्याजाच्या कलम ५०(३) मध्ये शब्द आहेत ‘रॉंगली अवेल्ड अँड युटिलाइज्ड’. घेतलं आणि वापरलं, दोन्ही हवं. हा बदल २०२२ च्या वित्त कायद्याने केला आणि तो १ जुलै २०१७ पासून, म्हणजे जीएसटी सुरू झाला त्या दिवसापासून, लागू धरला गेला. व्याजाचा दर वर्षाला १८ टक्के.

आता ‘वापरलं’ हे ठरवायचं कसं? नियम ८८बी मध्ये उत्तर आहे. तुमच्या क्रेडिट लेजरमधली शिल्लक चुकीने घेतलेल्या रकमेच्या खाली गेली, तर जेवढी खाली गेली तेवढं वापरलं असं धरतात. फरसाणवाल्याच्या लेजरमध्ये गाडीच्या क्रेडिटसह कायम ३,००,००० शिल्लक राहिली असेल, तर २,४०,००० ला हातच लागला नाही. व्याज नाही. एका महिन्यात शिल्लक १,८०,००० वर आली, तर ६०,००० वापरले गेले. त्यावर वर्षाला १०,८०० म्हणजे महिन्याला ९०० रुपये व्याज, आणि तेही वापरलं त्या तारखेपासून. कुणी पूर्ण २,४०,००० वर पहिल्या दिवसापासून व्याज लावून आकडा दिला असेल, तर लेजर उघडून स्वतः तपासा आणि सल्लागाराला हाच प्रश्न विचारा.

रॉंगफुली : हक्क नसताना

‘रॉंगली’चा मोठा भाऊ म्हणजे ‘रॉंगफुली’. दिसायला सारखे, पण रॉंगफुलीला कायद्याचा वास जास्त आहे. समोरच्याला तसा हक्क नव्हता, हा त्याचा गाभा. हिशोबात बेरीज चुकली तर ती रॉंगली केली. दुकानाची अनामत रक्कम करार संपल्यावर मालकाने विनाकारण अडकवून ठेवली, तर ती रॉंगफुली ठेवली.

१८६० च्या भारतीय दंड संहितेत ‘रॉंगफुल गेन’ आणि ‘रॉंगफुल लॉस’ यांच्या व्याख्या होत्या, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही त्या आहेत. मराठीत गैरलाभ आणि गैरहानी म्हणू. बेकायदेशीर मार्गाने मिळवलेली, मिळवणाऱ्याचा हक्क नसलेली मालमत्ता म्हणजे गैरलाभ. आणि ‘डिसऑनेस्टली’ म्हणजे अप्रामाणिकपणे या शब्दाची व्याख्या यावरच उभी आहे : एकाला गैरलाभ किंवा दुसऱ्याला गैरहानी व्हावी या हेतूने काही करणं. बघा, हेतू आला की शब्द बदलला.

त्याच व्याख्येत एक गोष्ट आहे जी रोज क्यूआर कोडवर पैसे घेणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवी. रॉंगफुली मिळवणं म्हणजे फक्त घेणं नाही, रॉंगफुली ठेवून घेणंही त्यात येतं. समजा एका अनोळखी माणसाने नंबर चुकवून तुमच्या खात्यात ५,००० रुपये टाकले. त्याने पाठवले ते ‘बाय मिस्टेक’. तुमच्याकडे आले त्यात तुमचा काहीच दोष नाही. पण त्याने पुराव्यासह कळवल्यावरही तुम्ही ‘आलेली लक्ष्मी’ म्हणून बसून राहिलात, तर पैसे तेच, खातं तेच, पण क्रियाविशेषण बदलतं. आता ते तुमच्या बाजूला लागतं. अर्थात परत करताना घाई नको. आधी बँकेचं स्टेटमेंट बघा, नुसत्या एसएमएसवर विश्वास ठेवू नका, कारण पैसे आल्याचा खोटा मेसेज पाठवून ‘परत करा’ म्हणणारे भामटेही खूप झालेत. फोनवर सांगितलेल्या दुसऱ्याच नंबरवर पैसे टाकू नका. आपल्या बँकेला लेखी कळवा आणि बँकेमार्फतच परत पाठवा.

मात्र ‘रॉंगफुली’ दिसलं की लगेच लबाडीचा आरोप आहे असंही धरू नका. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम ७७ च्या शीर्षकात हाच शब्द आहे : टॅक्स रॉंगफुली कलेक्टेड अँड पेड. आणि ते कलम आहे कशाबद्दल? समजा सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांच्या कारागिराने म्हापशाच्या दुकानदाराला कुरिअरने माल पाठवला. माल राज्याबाहेर पोचतोय, म्हणजे आयजीएसटी लावायला हवा. त्याने सवयीने सीजीएसटी आणि एसजीएसटी लावून भरला. कर पूर्ण भरलाय, फक्त चुकीच्या डब्यात टाकलाय. अशा वेळी योग्य डब्यात आयजीएसटी भरायचा आणि आधीचा परत मागायचा. आयजीएसटी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे त्या रकमेवर व्याजही लागत नाही. परताव्याचा अर्ज योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांच्या आत करायचा असतो, तेवढी तारीख सांभाळा. शीर्षकात ‘रॉंगफुली’ असून इथे व्याज नाही, आणि मघाशी फक्त ‘रॉंगली’ असून व्याज होतं! म्हणून म्हणतो, एका शब्दावर उडी मारू नका, पूर्ण वाक्य वाचा.

अजून एक भावंडं आहे, ‘इरोनियसली’. अर्थ तोच, चुकीने, पण सूर सौम्य आणि कार्यालयीन. जीएसटीच्या त्याच वाक्यात खात्याकडून परतावा जास्त गेला तर तो ‘इरोनियसली रिफंडेड’, आणि आपण क्रेडिट जास्त घेतलं तर ते ‘रॉंगली अवेल्ड’. कायदा लिहिणाऱ्याने आपल्या घरच्यांसाठी जरा मऊ शब्द ठेवला की काय, असं मला गमतीने वाटतं.

आपण लिहिताना

आता आपल्या पत्रांत हे कसं वापरायचं. जागा आधी. वाक्य ‘झालं, केलं गेलं’ अशा रचनेचं असेल तर ‘रॉंगली’ क्रियापदाच्या आधी बसतं : ‘अवर अकाउंट हॅज बीन रॉंगली डेबिटेड’. आणि बोलण्यातल्या साध्या वाक्यात क्रियापदाच्या नंतर नुसतं ‘रॉंग’ चालतं : ‘यू हॅव स्पेल्ट अवर नेम रॉंग’. इनव्हॉइसवर नाव चुकलं असेल आणि पत्र औपचारिक हवं असेल, तर ‘अवर नेम हॅज बीन रॉंगली स्पेल्ट’.

मोठ्या ग्राहकाने बिलातून ४,५०० रुपये ‘क्वालिटी’च्या नावाखाली कापले, तर लिहा : ‘रुपीज ४,५०० हॅज बीन रॉंगली डिडक्टेड फ्रॉम अवर इनव्हॉइस’, आणि लगेच खाली ऑर्डरचा नंबर, डिलिव्हरी चलनची तारीख, माल मिळाल्याची सही. रागाच्या भरात ‘फ्रॉड्युलंटली’ म्हणजे कपटाने, असं लिहू नका. तो फसवणुकीचा आरोप आहे, सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते, आणि एरवी दोन फोनमध्ये मिटणारं प्रकरण त्यांच्या लीगल विभागाच्या टेबलावर जातं. ‘रॉंगली’ची खरी ताकद हीच आहे की तो समोरच्याला पाय मागे घ्यायला जागा ठेवतो. ‘तुमचं चुकलंय’ म्हणता येतं, ‘तुम्ही चोर आहात’ न म्हणता.

पैसेच अडकवून ठेवले असतील तर मात्र ‘रॉंगफुली विथहेल्ड’ लिहायला कचरू नका. तुमची सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल आणि तुम्ही माल बनवत किंवा सेवा देत असाल, तर २००६ चा एमएसएमईडी कायदा तुमच्या बाजूने आहे. करारात काहीही लिहिलं असलं तरी मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त नसते. त्यानंतर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ, असं व्याज मागता येतं. हक्क इतका स्पष्ट असेल तिथे मिळमिळीत शब्द कशाला?

आणि आता सगळ्यात नाजूक जागा : खात्याच्या नोटिशीला उत्तर. क्रेडिट घेणं चुकलं होतं हे तुम्हाला मान्य आहे की नाही, हे आधी ठरवा, मग लेखणी उचला. कारण उत्तरात ‘वी हॅव रॉंगली अवेल्ड’ लिहिलं की कबुली झाली. ती नंतर मागे घेणं कठीण.

मान्य असेल तर कबूल करा, पण हेतूचा भाग उघडा सोडू नका. फरसाणवाला असं लिहील : ‘द सेड क्रेडिट वॉज अवेल्ड बाय ओव्हरसाइट. द एंटायर अमाउंट, अलाँग विथ ॲप्लिकेबल इंटरेस्ट, हॅज बीन पेड थ्रू डीआरसी-०३. देअर वॉज नो फ्रॉड, विलफुल मिसस्टेटमेंट ऑर सप्रेशन ऑफ फॅक्ट्स.’ पैसे भरल्याची तारीख आणि पावतीचा नंबर त्यात हवाच. पहिल्या वाक्यात ‘चुकून’ आलं, तिसऱ्या वाक्यात फसवणुकीची बाजू नाकारली. ‘रॉंगली’ने जी गोष्ट सांगितली नव्हती, ती तुम्ही स्वतः सांगितली.

मान्य नसेल तर त्यांचा शब्द आपल्या तोंडी घेऊ नका. ‘द क्रेडिट अलेज्ड टु हॅव बीन रॉंगली अवेल्ड’ असं लिहा. ‘अलेज्ड’ म्हणजे ‘असा आरोप असलेलं’. आणि पुढे ‘हॅज बीन राइटली अवेल्ड’ म्हणून कारण, बिल, ई-वे बिल, पेमेंटचा पुरावा जोडा. अर्धं मान्य आणि अर्धं अमान्य असेल तर दोन वेगळे परिच्छेद करा, एकाच वाक्यात दोन्ही कोंबू नका. नोटिशीआधी डीआरसी-०१ए नावाची सूचना आली असेल तर तिथेच, भाग ब मध्ये, म्हणणं मांडता येतं. उत्तराचा मसुदा तुमच्या सीएनी किंवा कर सल्लागारांनी करावा हे योग्यच, पण पाठवण्याआधी क्रियाविशेषणं तुम्ही वाचा. धंदा तुमचा आहे.

फसवणुकीचा आरोप झाला तरी सगळं संपलं असं नाही. अपिलात किंवा न्यायालयात फसवणूक सिद्ध झाली नाही, तर कलम ७५ प्रमाणे हिशोब साध्या चुकीच्या बाजूने पुन्हा करावा लागतो. तेव्हा तुमचं पहिलं उत्तर काढून बघितलं जातं.

सरावासाठी चार प्रसंग

वही घ्या. प्रत्येक प्रसंगात बाय मिस्टेक, रॉंगली, रॉंगफुली आणि फ्रॉड्युलंटली यांतला कोणता शब्द बसेल ते ठरवा, मगच पुढे वाचा.

कुरिअर कंपनीने २ किलोच्या पार्सलला ५ किलोचा दर लावला. तुम्ही एकाच ऑर्डरचं बिल ग्राहकाला दोनदा पाठवलं आणि आता ईमेलने कळवायचंय. प्रदर्शनाच्या आयोजकाने स्टॉल रद्द करूनही, करारात परतावा लिहिलेला असताना, पैसे दिले नाहीत. कुणीतरी तुमचा पॅन वापरून तुमच्या नावाने जीएसटी नोंदणी काढली.

पहिल्यात रॉंगली चार्ज्ड, कारण वजन कसं चुकलं ते तुम्हाला माहीत नाही आणि गरजही नाही. दुसऱ्यात बाय मिस्टेक, इथे आपली चूक आहे आणि हेतू नव्हता हे सांगायचंय. तिसऱ्यात आधी एक सौम्य आठवण, मग रॉंगफुली विथहेल्ड. चौथ्यात मात्र फ्रॉड्युलंटली ऑब्टेन्ड असंच लिहा, इथे ‘रॉंगली’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला ती कारकुनी चूक वाटेल. जीएसटी पोर्टलवर तक्रार, पोलिसांकडे लेखी तक्रार, आणि ऑनलाइन पैसेही गेले असतील तर लगेच १९३० ला फोन.